सत्रारंभाच्या सूचनांपासून सेन्सस डेटपर्यंत : कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांसाठी

ऑगस्टचा पहिला पंधरवडा संपत आला की कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयाकडून सत्रारंभाच्या सूचनांचा एक लांबलचक ई-मेल येतो. स्वागताच्या दोन ओळी झाल्या की पार्किंगच्या परवान्यापासून नव्या कोर्स क्रमांकांपर्यंत वीस-पंचवीस मुद्दे एकाखाली एक येतात, प्रत्येकाखाली एखादी लिंक असते, आणि कोणता मुद्दा आजच हाती घ्यायचा व कोणता नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवला तरी चालेल, हे त्यावरून कळत नाही. बे एरियात संख्याशास्त्र शिकवताना मला बारा वर्षे झाली. त्यांतली पहिली सात वर्षे मी अर्धवेळ होते आणि एकाच सत्रात दोन कॉलेजांचे असे ई-मेल वाचत होते. भारतात एम.एस्सी. किंवा एम.ए. करून इथे आलेल्या आणि काही वर्षांनी पुन्हा अध्यापनाकडे वळलेल्या अनेक मराठी मैत्रिणी दर उन्हाळ्यात मला तेच प्रश्न विचारतात. हा लेख मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

या राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजे आहेत. पदवीची पहिली दोन वर्षे आणि अनेक व्यवसायांचे शिक्षण येथे मिळते, प्रवेश सर्वांना खुला असतो, आणि राज्यातील रहिवाशाला 2012 पासून एका युनिटमागे (श्रेयांकामागे) 46 डॉलर एवढेच शुल्क पडते. अशा ठिकाणी सत्राच्या आरंभीची जवळजवळ सर्व कामे एकाच प्रश्नाभोवती फिरतात असे माझे मत आहे : या वर्गात खरोखर कोण आहे, आणि ज्याला यायचे होते तो कुठे अडला आहे? सूचनांचा ई-मेल या प्रश्नाच्या अंगाने वाचला की त्यातले काय आधी करायचे ते आपोआप वर येते.

ई-मेल वाचण्याची रीत

तो ई-मेल छापून घ्यावा आणि हातात पेन घेऊन दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात केवळ तारखा निवडाव्यात आणि त्या घरच्या कॅलेंडरवरही लिहाव्यात, कारण ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या फॉल सत्राच्या पहिल्या महिन्यात घरातही गर्दी असते : गणपतीची स्थापना आणि सेन्सस डेट, म्हणजे राज्याच्या निधीसाठी वर्गातील विद्यार्थी मोजले जातात तो दिवस, अनेकदा एकाच पंधरवड्यात येतात, आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डेचा असल्यामुळे कार्यालये नेमकी त्या वेळी बंद असतात. दुसऱ्या वाचनात बदललेले नियम आणि ज्यांच्याशी संपर्क ठेवायचा त्या व्यक्तींची पदे निवडावीत. उरलेला मजकूर कार्यक्रमांच्या निमंत्रणांचा असतो, तो नंतर पाहिला तरी चालतो.

तारखांपैकी तीन तारखांची गल्लत नवे प्राध्यापक हमखास करतात. पहिली तारीख शुल्क परत मिळण्याची असते. पूर्ण मुदतीच्या सत्रात ती पहिल्या दोन आठवड्यांच्या अखेरीस येते आणि ती ओलांडल्यावर विद्यार्थ्याने कोर्स सोडला तरी सहसा पैसे परत मिळत नाहीत. दुसरी तारीख सेन्ससची, म्हणजे सत्राचा सुमारे एक पंचमांश भाग झाल्यानंतरची. सोळा आठवड्यांच्या सत्रात ती तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्याच्या सुमारास पडते. तिसरी तारीख प्रगतिपत्रकावर 'डब्ल्यू' (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) असा शेरा घेऊन कोर्स सोडण्याची असते आणि राज्याच्या नियमानुसार ती सत्राच्या 75 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. आठ आठवड्यांच्या किंवा उशिरा सुरू होणाऱ्या वर्गाला या तिन्ही तारखा वेगळ्या असतात. म्हणून कॉलेजच्या मुख्य कॅलेंडरवर विसंबून न राहता प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर छापलेल्या तारखा उतरवून घ्याव्यात.

जाता जाता एक गोष्ट सांगते. 1 जानेवारी 2026 पासून दिवाळी कॅलिफोर्नियाच्या राज्य सुट्यांच्या यादीत आली आहे, परंतु त्या दिवशी कॉलेज बंद असेलच असे नाही. दिवाळीच्या आठवड्यात चाचणी ठेवण्यापूर्वी आपल्या कॉलेजचे कॅलेंडर पाहावे.

अर्धवेळ प्राध्यापकांनी आधी करावयाची कामे

आपल्याकडे तासिका तत्त्वावर नेमणूक होते, तिच्याशी इथल्या अर्धवेळ नेमणुकीचे बरेच साम्य आहे. नेमणूक एका सत्रापुरती असते, आणि पुरेसे विद्यार्थी न आल्यास किंवा एखाद्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा भार कमी पडल्यास वर्ग सुरू होण्याच्या तोंडावरही ती रद्द होऊ शकते. म्हणून ऑगस्टच्या आरंभापासून दर दोन-तीन दिवसांनी आपल्या वर्गातील नोंदणीचा आकडा पाहावा आणि तो कमी वाटल्यास डीनच्या कार्यालयाला वेळीच विचारावे. असा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वर्ग रद्द होणार असेल तर ते केव्हा ठरेल, हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

राज्याच्या कायद्यानुसार अर्धवेळ प्राध्यापकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या प्रशासकीय विभागात) पूर्णवेळ भाराच्या 67 टक्क्यांपर्यंतच शिकवता येते. पूर्ण भार 15 युनिटांचा धरला तर ही मर्यादा दहा युनिटांच्या आसपास येते. त्यामुळे चार युनिटांचे दोन वर्ग घेणाऱ्या व्यक्तीला त्याच डिस्ट्रिक्टमधून तिसऱ्या वर्गाची विचारणा झाली, तर होकार देण्यापूर्वी टक्केवारीचा हिशेब विभागप्रमुखांकडून लेखी करून घ्यावा.

पहिल्यांदाच रुजू होणाऱ्यांची कागदपत्रे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खातात. पुणे, मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठाच्या पदवीचे इथल्या समकक्षतेसाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. लाइव्ह स्कॅन नावाची बोटांच्या ठशांची तपासणी आणि क्षयरोगाच्या जोखमीची तपासणीही लागते, आणि ज्यांना कामाचा परवाना एच-4 (जोडीदाराच्या) व्हिसावर मिळालेला आहे त्यांनी त्याची मुदत सत्राच्या मध्यात संपत नाही ना, हे नेमणूक स्वीकारण्याआधीच पाहावे. परवान्यात एक दिवसाचा खंड पडला तरी वर्ग दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावा लागतो, आणि त्याचा सर्वांत मोठा त्रास विद्यार्थ्यांना होतो.

अधिकृत आराखडा आणि सिलॅबस

सिलॅबस लिहायला बसण्यापूर्वी त्या कोर्सचा अधिकृत आराखडा, ज्याला इथे सगळे 'सीओआर' म्हणतात, कॉलेजच्या अभ्यासक्रम प्रणालीतून नव्याने उतरवून घ्यावा. गेल्या वर्षीची प्रत वापरू नये. सीओआरमध्ये कोर्सचे विषय, तासांची विभागणी आणि अपेक्षित अध्ययन निष्पत्ती दिलेल्या असतात, आणि त्यानुसार शिकवणे नियमाने बंधनकारक आहे. शिकवण्याची पद्धत, उदाहरणे, चाचण्यांचे स्वरूप आणि गुणांची विभागणी मात्र प्राध्यापकाच्या हाती राहते.

नव्याने उतरवून घ्यायला सांगण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत राज्यपातळीवर बरेच बदल झाले आहेत. 2021 च्या एबी 1111 या कायद्यानुसार सर्व कम्युनिटी कॉलेजांत समान कोर्स क्रमांक लागू होत आहेत. 2025 च्या फॉल सत्रापासून पहिल्या टप्प्यातील सहा कोर्सेस नव्या क्रमांकांनी शिकवले जाऊ लागले आणि त्यांत प्रास्ताविक संख्याशास्त्र आता 'स्टॅट सी1000' झाले. ज्या विद्यार्थ्याने हा कोर्स जुन्या क्रमांकाने अर्धवट सोडला होता, त्याला नवा क्रमांक वेगळाच कोर्स वाटतो. म्हणून सिलॅबसच्या पहिल्याच पानावर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहावेत. त्याच फॉलपासून कॅल-गेटसी हा 34 युनिटांचा सामान्य शिक्षणाचा एकच आकृतिबंध युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्हींकडे जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना लागू झाला, तर आधीपासून सलग शिकणाऱ्यांना जुना आकृतिबंध पूर्ण करण्याची मुभा राहिली. "हा कोर्स घेतला तर माझे ट्रान्सफर होईल का?", म्हणजे उरलेल्या पदवीसाठी विद्यापीठात जाता येईल का, या प्रश्नाचे उत्तर वर्गात उभ्या उभ्या कधीही देऊ नये. आपल्या चुकीच्या एका वाक्याने विद्यार्थ्याचे एक सत्र वाया जाऊ शकते. त्याला समुपदेशकाची वेळ कशी घ्यायची ते दाखवावे, आणि शक्य असल्यास ती आपल्यासमोरच घ्यायला लावावी.

गणित व इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी 2017 चा एबी 705 आणि 2022 चा एबी 1705 हे कायदे आणखी महत्त्वाचे आहेत. त्यांच्यामुळे बहुतेक विद्यार्थी पूर्वतयारीच्या कोर्सेसमध्ये न अडकता थेट ट्रान्सफर पातळीच्या वर्गात येतात. एकाच बाकावर बारावीपर्यंत उत्तम गणित केलेली मुलगी आणि पंधरा वर्षांनी शिक्षणाकडे परतलेला ट्रकचालक बसलेले असतात. अशा वर्गाचा सिलॅबस लिहिताना पहिल्या दोन आठवड्यांत अपूर्णांक, टक्केवारी आणि सूत्रात किंमत घालणे यांसाठी वेळ राखून ठेवावा, आणि सोबतचा सहायक वर्ग कोण घेणार आहे हे आधीच विचारून त्या सहकाऱ्याबरोबर निदान तासभर बसावे.

सिलॅबसमधील कामाच्या तासांचा हिशेब मला सर्वांत उपयोगी वाटतो, तरीही फार थोडे लोक तो लिहितात. राज्याच्या नियमानुसार एका सेमिस्टर युनिटमागे वर्ग आणि अभ्यास मिळून किमान 48 तासांचे काम अपेक्षित आहे. तीन युनिटांचा कोर्स म्हणजे 144 तास, म्हणजे सोळा आठवड्यांत दर आठवड्याला नऊ तास. आठ आठवड्यांच्या वर्गात हाच आकडा अठरावर जातो. पूर्णवेळ नोकरी करून चार कोर्सेस घेणारा विद्यार्थी हा हिशेब पहिल्या दिवशी पाहतो तेव्हा पुष्कळदा त्याच संध्याकाळी एक कोर्स कमी करतो. त्याला पूर्ण शुल्क परत मिळते, आणि उरलेले तीन कोर्सेस तो नीट पूर्ण करतो.

गुणदानाची रीत शंकेला जागा न ठेवता लिहावी. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यानुसार चूक, लबाडी, हेतुतः केलेला अन्याय किंवा अकार्यक्षमता सिद्ध झाल्याखेरीज प्राध्यापकाने दिलेली श्रेणी अंतिम मानली जाते. एवढा मोठा अधिकार हाती असताना उशिरा आलेल्या कामाचे किती गुण कापले जातील, सर्वांत कमी गुणांची चाचणी वगळली जाईल का, आणि शेवटची परीक्षा कोणत्या दिवशी आहे, हे विद्यार्थ्याला आधीच कळलेच पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचा परिच्छेद कॉलेजच्या नमुन्यातून जसाच्या तसा उचलू नये. आपल्या वर्गातील कोणत्या कामासाठी चॅटजीपीटीसारखे साधन चालेल, कोणत्या कामासाठी चालणार नाही आणि वापरल्यास ते कसे नमूद करायचे, हे प्रत्येक गृहपाठाच्या नावानिशी लिहावे. मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे सांगणाऱ्या साधनांच्या निकालावर कोणाला दोषी धरणे मला मान्य नाही. इंग्रजी ज्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे अशा विद्यार्थ्यांवर त्यांतून अन्याय होण्याचा धोका फार मोठा आहे. शंका आली तर विद्यार्थ्याला शेजारी बसवून "हे उत्तर तू कसे काढलेस, ते मला सांग" असे विचारावे. पाच मिनिटांत बहुतेक सर्व उलगडते.

कॅनव्हासची तयारी

राज्यातील कम्युनिटी कॉलेजे कॅनव्हास ही अध्यापनाची प्रणाली वापरतात. जुन्या सत्राचा मजकूर नव्या वर्गात आणल्यावर सर्वप्रथम तारखा तपासाव्यात, मग प्रत्येक लिंक उघडून पाहावी, आणि शेवटी 'स्टुडंट व्ह्यू' मध्ये जाऊन विद्यार्थ्याला नेमके काय दिसते ते मोबाइलवर पाहावे, कारण अनेक विद्यार्थ्यांकडे संगणक नसतो आणि ते सगळा अभ्यास फोनवर करतात.

दिव्यांग विद्यार्थ्यांना मजकूर वाचता येणे ही कायदेशीर जबाबदारी आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने एप्रिल 2024 मध्ये सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी व डिजिटल मजकुरासाठी 'डब्ल्यूसीएजी 2.1, स्तर एए' हे प्रमाण निश्चित केले. आपल्या कॉलेजने त्यासाठी ठरवलेली मुदत सत्रारंभाच्या सूचनांत असते, ती तीन मुख्य तारखांबरोबरच लिहून ठेवावी. सगळा मजकूर एका रात्रीत सुधारता येत नाही, म्हणून मी असा क्रम लावते : आधी सिलॅबस, मग पहिल्या चार आठवड्यांची पाने, मग व्हिडिओंची उपशीर्षके, आणि सर्वांत शेवटी जुनी स्कॅन केलेली पाने. त्या पानांतला मजकूर म्हणजे केवळ चित्र असते आणि पडदावाचक यंत्राला त्यातले एक अक्षरही कळत नाही, त्यामुळे ती सुधारत बसण्यापेक्षा नव्याने टंकलिखित केलेली बरी.

पाठ्यपुस्तक विनामूल्य असेल, तर वेळापत्रकात तसे चिन्ह लागलेले आहे ना, हे पाहावे. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची संख्याशास्त्राची आणि इतर अनेक विषयांची पुस्तके मुक्त उपलब्ध आहेत. शंभर-दीडशे डॉलरचे पुस्तक घेण्यासाठी आर्थिक साहाय्याच्या पैशांची वाट पाहणारा विद्यार्थी तीन आठवडे मागे पडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पूर्णपणे ऑनलाइन वर्गात एक जास्तीची अट असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार अशा वर्गात प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित व आशयपूर्ण संवाद असावा लागतो. तो नसल्यास कोर्स पत्राद्वारे शिक्षणाच्या वर्गात मोडतो आणि विद्यार्थ्यांचे आर्थिक साहाय्य धोक्यात येते. यासाठी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एक निवेदन, प्रत्येक गृहपाठावर व्यक्तिगत अभिप्राय आणि चर्चेत स्वतःचा सहभाग, एवढे जरी नेमाने केले तरी पुरते. कालखूण असलेल्या या नोंदी कॅनव्हासमध्ये आपोआप राहतात.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी केवळ सिलॅबस वाचून वर्ग लवकर सोडण्याची प्रथा मला अजिबात पटत नाही. पहिल्या तासाला काहीतरी शिकवावे आणि विद्यार्थ्यांकडून काहीतरी लिहून घ्यावे. मी संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला प्रत्येकाला त्या आठवड्यात मोजता येईल अशी एक गोष्ट निवडायला सांगते : बसची वाट पाहण्याची मिनिटे, कामावरच्या पाळीचे तास, धाकट्या भावाला झोपवायला लागलेला वेळ. पाच दिवसांचे पाच आकडे आणि त्यांवर दोन ओळी, एवढेच पहिले काम असते आणि ते पहिल्या आठवड्यातच द्यायचे असते. याचा उपयोग पुढे हजेरीपटाच्या वेळीही होतो.

नावे घेताना घाई करू नये. व्हिएतनामी, मेक्सिकन, अफगाण आणि पंजाबी नावे एकाच यादीत असतात. आपले स्वतःचे आडनाव इथे किती तऱ्हांनी उच्चारले जाते हे आपण जाणतो, तेव्हा प्रत्येकाला नाव विचारून कागदावर देवनागरीत लिहून ठेवणे हा मला सापडलेला उत्तम उपाय आहे. कोणत्याही भाषेतले नाव देवनागरीत बरेच नेमके उतरते. आपल्याला कसे संबोधावे हेही त्याच वेळी सांगून टाकावे. पहिल्या नावाने हाक मारलेली चालत नसेल तर तसे सौम्यपणे सांगितले की कोणीही वाईट वाटून घेत नाही.

पहिल्या दिवशी वेटलिस्टवरील आणि नोंदणी नसलेले विद्यार्थीही येऊन उभे राहतात. त्यांना ॲड कोड, म्हणजे वर्गात नोंदणी करता येईल असा क्रमांक, देताना वेटलिस्टचा क्रम पाळावा, कोणत्या नियमाने जागा दिल्या जातील हे फळ्यावर लिहावे, आणि दिलेला कोड त्याच दिवशी वापरायला सांगावे, कारण कोडची मुदत संपली तर विद्यार्थी वर्गात बसतो पण नोंदणीत नसतो. मदतीच्या जागांची माहितीही याच तासाला द्यावी. राज्याच्या कायद्यानुसार 1 जुलै 2022 पासून प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात मूलभूत गरजांसाठीचे केंद्र असणे आवश्यक आहे. तेथे अन्नधान्य, निवारा आणि कॅलफ्रेशच्या (राज्यातील अन्न-साहाय्य योजनेच्या) अर्जासाठी साहाय्य मिळते. 1969 पासून चालत आलेला ईओपीएस हा आर्थिक व शैक्षणिक अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम पुस्तके आणि समुपदेशनासाठी मदत करतो. या केंद्राची इमारत आणि खोली आपण स्वतः एकदा पाहून आलो, तर आपल्या सांगण्यात खात्री येते.

सवलतपत्रे आणि पालकांचे प्रश्न

पहिल्या आठवड्यापासून दिव्यांग विद्यार्थी सेवा विभागाची, म्हणजे डीएसपीएसची, सवलतपत्रे येऊ लागतात. परीक्षेला दीडपट वेळ, टिपणे घेण्यासाठी मदत, वेगळी खोली अशा सवलती त्यात लिहिलेल्या असतात. पत्र आले की दोन दिवसांत विद्यार्थ्याला खासगीत लिहावे, पहिल्या चाचणीची व्यवस्था ठरवावी, आणि त्याच्या आजाराचे किंवा अपंगत्वाचे नाव कधीही विचारू नये. सवलत आपल्या कोर्सच्या मूळ उद्दिष्टाला धक्का लावते असे वाटले तर ती परस्पर नाकारू नये. डीएसपीएसच्या समुपदेशकाशी बोलावे.

आपल्या मराठी वर्तुळात गोपनीयतेचा प्रश्न विशेष नाजूक होतो. बे एरियातील अनेक घरांतली मुले हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्सेस घेतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमात एखादी आई सहज विचारते, "आमची कन्या तुमच्या वर्गात आहे ना? कसे चालले आहे तिचे?" विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेबद्दलच्या 1974 च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की त्याच्या कॉलेजातील नोंदींवरचा अधिकार त्याच्याकडे जातो, मग तो अठरा वर्षांचा नसला तरीही. अशा वेळी मी हसून पण स्पष्टपणे सांगते, "वहिनी, कॉलेजच्या नियमामुळे मला कोणत्याच विद्यार्थ्याबद्दल बोलता येत नाही, कोण वर्गात आहे आणि कोण नाही हेसुद्धा. तुम्ही तिलाच विचारा, तिला कॅनव्हासवर सगळे गुण दिसतात." एकदा असे सांगितले की पुन्हा कोणी विचारत नाही, आणि ती मुलगी मात्र निर्धास्तपणे आपल्याकडे येऊ लागते.

हजेरीपट, न येणारे विद्यार्थी आणि सेन्सस

आता ज्या कामासाठी पहिले तीन आठवडे खरे मोलाचे असतात, त्याकडे येते. सेन्ससच्या दिवशी वर्गात नोंदलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून कॉलेजला राज्याकडून मिळणाऱ्या निधीचा मोठा भाग ठरतो. म्हणून जे विद्यार्थी वर्गात सक्रिय नाहीत त्यांची नावे सेन्ससपूर्वी कमी करणे, ज्याला इथे 'ड्रॉप करणे' म्हणतात, हे राज्याच्या नियमाने प्राध्यापकाचे कर्तव्य आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता त्याचे महत्त्व आणखी वाढते. केंद्राचे आर्थिक साहाय्य मिळणारा विद्यार्थी सत्राच्या 60 टक्क्यांपूर्वी सर्व कोर्सेस सोडून गेला तर साहाय्याचा काही भाग परत करावा लागतो, आणि ज्या कोर्सला तो कधी आलाच नाही त्याचे साहाय्य त्याला मिळत नाही. हा हिशेब प्राध्यापकाने नोंदवलेल्या शेवटच्या सहभागाच्या तारखेवरून होतो.

माझ्या पहिल्या सत्रात मी एका विद्यार्थ्याचे नाव दयेपोटी यादीत ठेवले होते. तो पहिल्या दिवशी आला होता आणि पुन्हा कधीच आला नाही. येईल, त्याची जागा जायला नको, असे मला वाटत राहिले. सत्राअखेर त्याला 'एफ' द्यावा लागला. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कोर्ससाठी आला तेव्हा म्हणाला की न आल्यास आपले नाव आपोआप निघते असे त्याला वाटले होते, आणि आता प्रगतिपत्रकावर तो 'एफ' आहे व डोक्यावर कॉलेजची थकबाकी आहे. माझ्या दयेने त्याचे नुकसान केले होते. असा गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून आता मी पहिल्याच दिवशी सांगते की वर्ग सोडायचा असेल तर तो स्वतः पोर्टलवर जाऊन सोडावा.

ऑनलाइन वर्गांत 2021 पासून आणखी एक अडचण वाढली आहे. चोरलेल्या किंवा बनावट ओळखीने अर्ज करून आर्थिक साहाय्य लुबाडणाऱ्या टोळ्या कम्युनिटी कॉलेजांत नोंदणी करतात. प्रवेश खुला, अर्ज विनामूल्य आणि शुल्क अत्यल्प असल्यामुळे पेल ग्रँटची (केंद्र सरकारच्या शिक्षण-अनुदानाची) बरीचशी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते; 2025-26 या वर्षी ती जास्तीत जास्त 7,395 डॉलर होती. अशा खोट्या नावांनी वर्ग भरतो आणि खरा विद्यार्थी वेटलिस्टवर अडकतो. प्राध्यापकाने ओळखपत्रे तपासणे अपेक्षित नाही आणि तसे करूही नये. नावावरून, मोडक्या इंग्रजीवरून किंवा कॅमेरा बंद आहे म्हणून कोणावर संशय घेणे तर पूर्णपणे गैर आहे. लाजरा, नवखा, दोन नोकऱ्या करणारा खरा विद्यार्थीही पहिल्या आठवड्यात असाच दिसतो.

सहभागाचे निकष मात्र स्पष्ट आहेत. गृहपाठ सादर करणे, चाचणी देणे, विषयाबद्दलच्या ऑनलाइन चर्चेत भाग घेणे, प्रत्यक्ष तासाला येणे किंवा विषयाबद्दल प्राध्यापकाला प्रश्न विचारणे हा सहभाग होय. कॅनव्हासवर नुसते लॉग-इन करणे हा सहभाग नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यातील ते पाच आकड्यांचे काम मी इतक्या आग्रहाने ठेवते. ज्याने आपल्या आयुष्यातले काहीतरी मोजून पाठवले, तो वर्गात आहे.

ज्यांच्याकडून काम आले नाही त्यांना मी पुढील क्रमाने गाठते. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी कॅनव्हासवर छोटा निरोप जातो आणि त्यात एक साधा प्रश्न असतो, "काय अडले आहे?" तीन दिवसांनी कॉलेजच्या ई-मेलवर तोच निरोप जातो आणि सोबत नाव काढले जाण्याची तारीख स्पष्ट लिहिलेली असते. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यात, शुल्क परत मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी, मी विद्यार्थी सेवा कार्यालयाला त्या नावांची यादी देऊन फोन करायला सांगते. या टप्प्यावर निम्म्याहून अधिक अडचणी सुटण्यासारख्या निघतात : कोणाला पासवर्ड मिळालेला नसतो, कोणाच्या आईचे ऑपरेशन झालेले असते, कोणी चुकून आपल्याच कोर्सचा दुसरा वर्ग उघडून बसलेला असतो. तरीही उत्तर आले नाही तर सेन्ससच्या दोन दिवस आधी नाव काढते, त्याचे कारण एका ओळीत नोंदवते आणि विद्यार्थ्याला तसे कळवते. नोंदणीच खोटी असल्याचा दाट संशय असल्यास कॉलेजने त्यासाठी नेमलेल्या कार्यालयाला कळवते, विद्यार्थ्याशी वाद घालत नाही. रिकाम्या झालेल्या जागा ॲडची मुदत संपलेली नसल्यास त्याच दिवशी वेटलिस्टवरच्यांना देते.

सेन्ससचा हजेरीपट प्रणालीत सादर केल्यावर त्याची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रत पहिल्या चाचणीच्या गुणांशेजारी ठेवून ज्यांना निम्म्याहून कमी गुण आहेत त्यांची नावे निवडावीत, आणि त्याच आठवड्याच्या ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत) प्रत्येकाला दहा मिनिटांची ठरावीक वेळ देऊन नावानिशी बोलवावे.